अंगण वाकडे की नाच?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. गुण कमी पडले आणि पोराने ‘पेनच नीट चालत नव्हते’ अशी सबब पुढे केली, की घरातली आजी हटकून ही म्हण सुनावते. ती पहिल्यांदा कुणी उच्चारली कोण जाणे! बहुधा एखाद्या बाईनेच, कारण तिच्या पुढच्या भागात रांधण्याचा आणि ओल्या लाकडांचा उल्लेख येतो. पण आत्मपरीक्षणाचा सगळा प्रश्न तिने चार शब्दांत मांडून ठेवला. काम फसले की दोष आपला, की परिस्थितीचा?

हाच प्रश्न आज देशभरातल्या महाविद्यालयांना विचारला जातो, मात्र चार शब्दांत नव्हे. त्याचे उत्तर लिहायला शेकडो पाने लागतात, त्याला जोडपत्रे लागतात आणि प्रत्येक विधानाला पुरावा लागतो. ‘नॅक येणार’ एवढे दोन शब्द उच्चारले, की महाविद्यालयात काय धांदल उडते हे घरात कुणी प्राध्यापक असेल तर वेगळे सांगायला नको. भिंतींना रंग लागतो, बागेत कुंड्या येतात, कपाटातल्या फायलींना नवी वेष्टने चढतात. समिती आली की तिच्यासमोर संध्याकाळी मुलामुलींचा एक सांस्कृतिक कार्यक्रम ठेवायचा, हाही बहुतेक ठिकाणचा रिवाज. त्यात नृत्य असतेच. पाहुणे टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फायली उघडल्या जातात.

गंमत इथेच आहे. समितीच्या भेटीत नृत्य असते, पण ते करमणूक म्हणून. अहवालात त्याची जागा असते ती पारितोषिके किती आणि कार्यक्रम किती, एवढ्या आकड्यांपुरती. ज्या दिवशी नृत्य हाच शिकवण्याचा विषय होतो आणि त्याच्याच शिक्षणाचे मोजमाप करायची वेळ येते, त्या दिवशी काय लिहायचे? तो दिवस आता गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्याही उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे.

आधी स्वतः लिहा, मग आम्ही बघू

‘नॅक’ म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणाच्या दर्जाबद्दल काळजी व्यक्त झाली होती. त्यातून १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ही परिषद बंगळुरूला स्थापन केली. तिच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की तपासणारा आधी येत नाही. महाविद्यालयाने आधी स्वतःच स्वतःचे मूल्यमापन करून अहवाल सादर करायचा आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी तो पडताळायचा. शाळेतल्या तपासनीस साहेबांची सवय असलेल्या आपल्या मनाला ही रीत जरा परकी वाटते. उत्तरपत्रिका आपणच लिहायची आणि आपण कुठे चुकलो तेही आपणच सांगायचे!

२०१७ मध्ये परिषदेने आपली चौकट बदलली. सात निकष आणि एकूण १००० गुण. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, भौतिक सुविधा, विद्यार्थ्यांना आधार, प्रशासन आणि शेवटी संस्थेची मूल्ये व उत्तम उपक्रम. विद्यापीठाला संलग्न असलेल्या महाविद्यालयांसाठी यांतले ३५० गुण एकट्या अध्यापन व मूल्यमापनाला होते. म्हणजे इमारत कितीही चकचकीत असली तरी वर्गात काय घडते याचे वजन तिच्या साडेतीनपट. अहवालाचा मोठा भाग आकड्यांचा झाला आणि ते आकडे समिती येण्याआधीच पडताळले जाऊ लागले. विद्यार्थ्यांचे समाधान किती, याची पाहणी परिषद स्वतः करू लागली. २०२४ च्या सुरुवातीला ‘ए प्लस प्लस’, ‘बी प्लस’ अशा श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशी दुहेरी पद्धत आणण्याचे परिषदेने जाहीर केले. चौकटी अशा बदलत राहतील, पण ‘आधी स्वतःकडे पाहा’ ही मूळ मागणी तशीच आहे.

दरम्यान नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात सह-अभ्यासक्रम नावाचा एक भाग आहे. खेळ, योग, राष्ट्रीय सेवा योजना यांच्या जोडीला सादरीकरणाच्या कलांनाही त्यात श्रेयांक मिळू शकतात. आजवर नाच म्हणजे स्नेहसंमेलन आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव. डिसेंबर-जानेवारीत तालमी, एक ट्रॉफी, वार्षिकांकात एक छायाचित्र, संपले. आता तोच नाच गुणपत्रिकेत येऊ शकतो. प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक म्हणजे एका सत्रात साधारण ६० तास. साठ तासांत मुलीला काय आले, हे कुणीतरी कागदावर उतरवले पाहिजे.

वाऱ्यावर विरणारा पुरावा

रसायनशास्त्राच्या विभागाला पुरावा देणे सोपे. प्रयोगवही असते, उपकरणांची यादी असते, निकाल असतो. चित्रकलेची मुले चित्रे ठेवून जातात. नाच मात्र ज्या क्षणी पूर्ण होतो त्याच क्षणी संपतो. समेवर पाय पडला, घुंगरांचा नाद विरला की मागे काही उरत नाही. चार वर्षांपूर्वीच्या मुलीने तत्कार कसा केला होता, हे आज कोण सांगणार?

यावर काम करून ठेवणारी माणसे आपल्याच राज्यात होऊन गेली. डॉ. कनक रेळे यांनी मुंबईत १९६६ मध्ये नालंदा नृत्य संशोधन केंद्र आणि १९७२ मध्ये नालंदा नृत्यकला महाविद्यालय सुरू केले. नृत्याला विद्यापीठाची पदवी असू शकते, ही गोष्ट रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७०-७१ मध्ये त्या केरळात फिरल्या आणि मोहिनीआट्टमच्या जुन्या, वयोवृद्ध कलावती शोधून त्यांचे नृत्य त्यांनी चित्रफितीवर टिपून ठेवले. कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा, कल्याणीकुट्टी अम्मा यांच्या शरीरात जी विद्या होती ती अशी नोंदली गेली. पुढे रेळे यांनी त्या नृत्यातल्या हालचाली सुट्या करून त्या लिहिण्याची पद्धतही बसवली. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या कामातला धडा साधा आहे. नोंद आधी करायची असते. अहवाल मागितल्यावर नोंद ‘तयार’ करता येत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती स्थापन केली आणि आयुष्यभर कथक शिकवले. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. तिथला कथकचा अभ्यासक्रम घडवण्यात रोहिणीताईंचा हात होता आणि गुरू म्हणून त्यांनी तिथे शिकवलेही. खैरागडच्या विद्यापीठातल्या कथकच्या अभ्यासक्रमासाठीही त्यांनी सल्लागार म्हणून काम केले. हे खैरागड गोंदियाकरांना काही लांब नाही. हावडा मार्गावरच्या गाडीत बसावे, डोंगरगडला उतरावे आणि पुढे रस्त्याने जावे. तिथल्या राजाराणींनी आपल्या अकाली गेलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, स्मरणार्थ राजवाडाच देऊन टाकला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. नृत्याचे उच्च शिक्षण म्हणजे मुंबई-पुण्याचीच मिजास, असे म्हणायचे कारण गोंदियाला तरी नाही.

खरे तर स्वतःला तपासण्याची सवय नृत्याइतकी दुसऱ्या विषयाला क्वचितच असेल. कथकची विद्यार्थिनी तोडा नाचण्याआधी हातावर ताल धरून त्याची पढंत करते. बोल तोंडात बसले नाहीत तर पायांत उतरत नाहीत, हे तिला पहिल्या महिन्यात कळते. सम चुकली की गुरूने सांगण्याआधी तिला स्वतःलाच कळते. रोजच्या रियाजात जे चालते ते स्वयंमूल्यमापनच. ते कागदावर आणायला फार थाट लागत नाही. एकच रचना प्रत्येक विद्यार्थिनीने सत्राच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी करायची आणि ती साध्या मोबाइलवर टिपून ठेवायची. तिने एका वहीत आपल्याच शब्दांत लिहायचे, की पहिल्या खेपेला काय जमत नव्हते आणि आता काय जमते. शिक्षकाने खाली दोन ओळी लिहायच्या. तीन वर्षांत अशा पन्नास वह्या जमल्या, तर कोणत्याही समितीसमोर त्यापेक्षा मोठा पुरावा नाही. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा अहवाल दर वर्षी जातोच, त्यात या वह्यांचे सार घातले की पाचव्या वर्षी धावपळ करावी लागत नाही.

अंगण खरेच वाकडे असेल तर?

आता त्या म्हणीकडे थोडे उलटे पाहू. नाचता न येणारा अंगणाला नावे ठेवतो, हे खरे. पण कधीकधी अंगण खरेच वाकडे असते! सिमेंटच्या किंवा फरशीच्या कडक जमिनीवर तासन् तास पाय आपटले, की घोटे आणि गुडघे बोलू लागतात. अमेरिकेत नृत्यशिक्षणाला मानांकन देणारी स्वतंत्र संघटना १९८१ पासून आहे. तिथेही आधी विभागाने स्वतःचा अहवाल लिहायचा आणि मग इतर नृत्यशिक्षकांनी येऊन पाहायचे, अशीच रीत आहे. त्या मंडळींच्या निकषांत पायाखालची जमीन पुरेशी लवचीक आहे का, खोलीत खांबांची अडचण न होता फिरायला जागा आहे का, हे प्रश्न येतात. आपल्याकडे ‘भौतिक सुविधा’ म्हटले की संगणक किती आणि पुस्तके किती, एवढेच डोळ्यांपुढे येते. नृत्याच्या वर्गाला संगणकाआधी लाकडी जमीन हवी, भिंतीला आरसा हवा आणि कपडे बदलायला दार लागणारी खोली हवी. ही तिसरी गोष्ट किती महाविद्यालयांत आहे, हे घरातल्या मुलीला विचारून पाहावे.

दुसरे वाकडेपण माणसांच्या बाबतीतले. गायनाचा आणि नृत्याचा वर्ग साथीदाराशिवाय उभा राहत नाही. तबलजी हवा, लेहरा धरणारा हवा. पण महाविद्यालयाच्या पदांच्या तक्त्यात साथीदाराची गणना कुठे करायची, हा प्रश्न अनेक ठिकाणी लोंबकळत राहतो. मग ध्वनिमुद्रित ठेक्यावर काम भागवले जाते. यंत्र कधी थकत नाही हे खरे, पण मुलगी चुकली तर ते तिच्यासाठी थांबतही नाही. शिक्षकच तासिका तत्त्वावर असेल तर त्याची अडचण आणखी वेगळी. यंदा शिकवलेल्या मुली पुढच्या वर्षी आपल्याच हाताखाली असतील की नाही, याची त्याला खात्री नसते. अशा शिक्षकाकडून पाच वर्षांच्या नोंदी मागणे म्हणजे भाडेकरूला घराचा सातबारा विचारण्यासारखे आहे.

या गोष्टी अहवालात लिहाव्यात की झाकाव्यात? झाकण्याकडे ओढा असतो, कारण गुण जातील ही भीती. पण झाकलेले वाकडेपण कुणी सरळ करत नाही. ‘आमच्याकडे लाकडी जमीन नाही, म्हणून आम्ही सरावाची वेळ तुकड्यांत विभागली आणि पुढच्या दोन वर्षांत एका खोलीची जमीन बदलण्याचा ठराव केला’, असे लिहिणारे महाविद्यालय दुबळे ठरत नाही. त्याला स्वतःची ओळख आहे, एवढेच त्यातून कळते.

मंडईतला नाच आणि मंचावरचा नाच

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण झाडीपट्टीचे नाते तुटले नाही. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. दंडार उभी राहते, खडी गंमत रंगते, गोवारी बांधवांचा नाच निघतो. नाटकांच्या रात्री सुरू होतात. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने ‘झाडीपट्टी’ हा शब्द पुन्हा एकदा नीट ऐकला. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला अनेक राज्यांतून गोंड समाज लोटतो. तिथल्या गुहा आणि श्रद्धा जितक्या जुन्या, तितकेच तिथले गाणे आणि फेर धरून नाचणेही. रेला म्हणत हातात हात गुंफणाऱ्यांना कुणी श्रेयांक दिलेले नसतात.

मग या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाने नृत्य शिकवायला घेतले आणि अहवालात ‘स्थानिक परंपरेशी नाते’ असे एक वाक्य लिहिले, तर त्याचा अर्थ काय? बाजारातून भाड्याने आणलेले कपडे घालून चार मिनिटांचे ‘आदिवासी नृत्य’ बसवायचे, असा बहुधा निघतो. त्याच वर्गात खरा रेला आजीकडून शिकलेली मुलगी बसलेली असते. तिला कुणी विचारत नाही. कधी तिलाच आपले घरचे नाचणे सांगायची लाज वाटते, कारण मंचावर जे चालते ते वेगळे दिसते.

इथे स्वयंमूल्यमापनाचा खरा उपयोग आहे. आमच्या वर्गात कोण बसले आहे आणि ते घरून काय घेऊन आले आहे, ही पहिली नोंद असायला हवी. दंडारीत वर्षानुवर्षे स्त्रीपात्र रंगवणारा एखादा वयस्क शेतकरी वर्गात येऊन शिकवू शकतो. मात्र त्याला पाहुणा व्याख्याता म्हणून मानधन दिले पाहिजे. नारळ आणि शाल देऊन त्याची बोळवण करता कामा नये. त्याचे नाचणे टिपायचे असेल तर त्याची परवानगी हवी आणि एक प्रत त्याच्या गावी पोचायला हवी. जे देवाचे, पूजेचे आहे ते मंचावर आणायचे की नाही, हे त्या समाजाने ठरवायचे. असे एक जरी वर्ष झाले, तर ‘विस्तारकार्य’ आणि ‘उत्तम उपक्रम’ या रकान्यांत भरायला वेगळे शब्द शोधावे लागणार नाहीत.

शेवटची एसटी

अहवालातला सर्वांत बोलका रकाना बहुधा कुणी वाचत नाही. तो म्हणजे सुरुवात केलेल्यांपैकी किती जण टिकले. नृत्याच्या बाबतीत या आकड्यामागे घरे आहेत, रस्ते आहेत, शेते आहेत. जुलैत धानाची रोवणी लागते, तेव्हा हजेरी पडते. दिवाळीच्या सुमारास कापणीला पुन्हा तेच. तालीम साधारणपणे तास संपल्यावर, संध्याकाळी असते. गोंदियात राहणारी मुलगी थांबते, पण देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडची मुलगी शेवटच्या एसटीचा विचार करून दप्तर उचलते. ट्रॉफी आणणाऱ्या संघात ती नसते आणि ‘आवड नाही’ असे तिच्याबद्दल सहज म्हटले जाते.

आवड नाही, की गाडी नाही? कुणाचा नाच कमी पडला आणि कुणाचे अंगण वाकडे होते, हे ओळखायचे तर या रकान्यापासूनच सुरुवात करावी लागेल. तालीम दुपारी दीडला घेतली तर संघात कोण येते, एवढा एक बदल करून पाहावा आणि त्याची नोंद ठेवावी. कदाचित नाचणाऱ्यांचे चेहरेच बदलतील.

घरच्या विरोधाचा भागही यातच येतो. ‘नाचून पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न आईबापांना पडतो आणि तो चुकीचा नाही. त्याचे उत्तर भाषणांतून मिळत नाही. आधीच्या मुली आज कुठे आहेत याच्या नोंदीतून मिळते. कुणी शाळेत नृत्य शिकवत असेल, कुणी गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत पुढे गेली असेल, कुणी खैरागडला गेली असेल, कुणी बँकेत असूनही संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवत असेल. आणि कुणी लग्नानंतर घुंगरू माळ्यावर टाकले असतील. तीही नोंद हवी. ती लिहिण्याने विभागाची अब्रू जात नाही, उलट पुढच्या मुलीच्या आईला सगळे खरे कळते.

हा सगळा कारभार प्राध्यापकांचा, आपण त्यात कशाला पडायचे, असे पालकांना वाटेल. पण नॅकपुढे गेलेला स्वयंमूल्यमापन अहवाल महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो. तो कुणालाही वाचता येतो. आपली लेक जिथे नृत्य शिकणार आहे त्या महाविद्यालयाचा अहवाल एकदा उघडून पाहावा. पालक सभेला जाल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. तालमीची वेळ कोणती? साथीला माणूस आहे की यंत्र? आणि मागच्या तीन वर्षांत सुरुवात केलेल्यांपैकी किती मुली शेवटपर्यंत टिकल्या? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच मिळतील. तिसऱ्यासाठी कदाचित कुणाला तरी कपाट उघडून वही शोधावी लागेल. ती वही सापडली, तर त्या महाविद्यालयाचे निम्मे मूल्यमापन झाले असे समजायला हरकत नाही.